पेशी आधी ओढून बघते

[पडद्यावर: मायक्रोस्कोपखालचं दृश्य. करड्या पार्श्वभूमीवर पसरलेली एकच पेशी.]

या पेशीकडे थोडा वेळ बघत राहा. खरं तर तिच्याकडे नको, तिच्या खालच्या जमिनीकडे बघा. त्या बारीक रेघा दिसतायत? पसरलेली चादर मुठीत धरून ओढली की तिला चुण्या पडतात ना, तशाच या चुण्या आहेत. पेशीनं जमीन घट्ट धरली आहे आणि ती आपल्याकडे खेचते आहे.

1980 साली अल्बर्ट हॅरिस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हे इतकं उघड करून दाखवलं. सिलिकॉनच्या दाट तेलावरून त्यांनी क्षणभर ज्योत फिरवली. तेल खाली तसंच राहिलं, वर मात्र पातळ साय धरली. त्या सायीवर त्यांनी जिवंत पेशी सोडल्या. पेशी पसरल्या आणि साय सुरकुतली. पेशी सरकतात हे आधीपासून माहीत होतं. पण या सुरकुत्यांतून दिसलेला जोर नुसतं सरकायला लागतो त्याच्या कितीतरी पुढचा होता. मग एवढी ओढाताण कशासाठी?

[पडद्यावर: तांबड्या पेशींच्या गर्दीतून वाट काढणारी पांढरी पेशी.]

पेशीला बाहेरचं जग कसं कळतं, असं विचारलं की आपल्याला आधी रसायनं आठवतात, आणि ते बरोबरच आहे. ही पांढरी पेशी एका जिवाणूच्या मागे लागली आहे. तिला डोळे नाहीत. जिवाणू आपल्या प्रथिनांची सुरुवात एका खास घटकानं करतात: फॉर्मिल लावलेलं मेथिओनिन. त्याचे तुकडे जिवाणूच्या मागे सांडत जातात आणि पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राहक रेणू ते टिपतात. पेशीच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला या तुकड्यांच्या प्रमाणात एक-दोन टक्क्यांचा फरक असला, तरी तिला दिशा कळते. स्वतःच्या अंगाच्या लांबीत, आणि ती लांबी म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग, ही पेशी पुढे-मागे तोलून बघते. जिवाणू वळला की तीही वळते. हे दृश्य मी कितीदा पाहिलं असेल, तरी दर वेळी श्वास रोखला जातो.

रसायनांची ही भाषा शास्त्रज्ञांनी आधी शिकून घेतली. स्पर्शाची भाषा कळायला मात्र फार उशीर झाला, आणि त्याचं एक कारण अगदी समोर होतं. प्रयोगशाळेत पेशी वाढवतात ते प्लास्टिकच्या बशीत. मेंदूची ऊती खव्याहून मऊ म्हणावी अशी, आणि हे प्लास्टिक तिच्या लाखो पट कडक. बशी सगळ्यांचीच सारखी, त्यामुळे पेशी बशीलाही उत्तर देत असेल हा विचार फारसा कुणाच्या मनात आला नाही.

[पडद्यावर: पेशीच्या कडेचं जवळून दृश्य. आतले तंतू, बाहेरची जाळी.]

आता पेशीच्या कडेपाशी जाऊ. बाहेर कोलॅजेन आणि इतर प्रथिनांची जाळी आहे. आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे दोर आहेत, आणि मायोसिन हे दुसरं प्रथिन ते दोर सतत आवळत असतं. हे तेच मायोसिन, ज्याच्या भावंडांमुळे आपले स्नायू आखडतात. आतला दोर आणि बाहेरची जाळी यांना जोडतं इंटिग्रिन. पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या बाहेरच्या पातळ आवरणात, आरपार रुतलेली ही मूठच आहे. आणि इंटिग्रिन नि ॲक्टिन यांच्या मधे, दोन्हींना धरून, टॅलिन नावाचं लांब प्रथिन आहे.

या टॅलिनपाशी थोडं थांबू या. त्याच्या अंगावर घड्या आहेत, आणि त्या घड्यांच्या आत जोडणीच्या जागा झाकलेल्या आहेत. मायोसिननं दोर ओढला आणि बाहेरची जमीन कडक असली, तर ती हटत नाही. सगळा ताण टॅलिनवर येतो आणि घड्या उलगडतात. त्याला लागणारा जोर काही पिकोन्यूटन इतकाच, आणि पिकोन्यूटन म्हणजे एका न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग. झाकलेल्या जागा उघड्या पडतात, व्हिन्क्युलिन नावाचं आणखी एक प्रथिन तिथे येऊन चिकटतं आणि पकड आणखी पक्की होते. जमीन मऊ असेल तर? ओढल्यावर तीच पेशीच्या मागे येते. ताण चढत नाही, घड्या मिटलेल्याच राहतात, पकड निसटते.

हॅरिसच्या सुरकुत्यांचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. पेशी जमिनीचा कडकपणा ओढून अजमावते. न ओढता तिला तो कळायचाच नाही.

बाहेरून येणारा दाब टिपण्याची सोय वेगळी. 2010 मध्ये आर्डेम पॅटापुटियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींना बारीक काचनळीनं टोचून बघितलं आणि संशयित 72 जनुकं एकेक करून बंद करत नेली. त्यातलं एक बंद झालं आणि पेशी टोचण्याला उत्तर देईना. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन म्हणजे पिएझो: पटल ताणलं की उघडणारी वाट. 2021 च्या नोबेलमध्ये या शोधाचा वाटा होता.

[पडद्यावर: तीन बशा, तीन जेल. एकाच प्रकारच्या मूलपेशी.]

2006 चा एक प्रयोग. ॲडम एंग्लर आणि डेनिस डिशर यांनी अस्थिमज्जेतल्या मूलपेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. वरचा कोलॅजेनचा थर तोच, पोषक द्रवही तोच. मेंदूइतक्या मऊ जेलवर, म्हणजे कडकपणा एक किलोपास्कल किंवा त्याहून कमी असलेल्या जेलवर, पेशींना चेतापेशींसारखे फाटे फुटले. 8 ते 17 किलोपास्कलवर त्या स्नायूच्या वाटेला लागल्या, आणि 25 ते 40 वर हाडाच्या.

या प्रयोगातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग बहुतेक वेळा सांगायचा राहून जातो. पहिल्या आठवड्यात वेगळी रसायनं घातली तर पेशींची वाट बदलता येत होती. काही आठवडे गेल्यावर मात्र त्या जमिनीनं दाखवलेल्या वाटेवरच पक्क्या झाल्या.

हा निरोप केंद्रकापर्यंत कोण नेतं? पुढे 2011 मध्ये इटलीतल्या पादुआच्या गटानं यॅप आणि ताझ ही दोन प्रथिनं दाखवून दिली. कडक जमिनीवर ती केंद्रकात शिरतात आणि जनुकांना कामाला लावतात. मऊ जमिनीवर ती बाहेरच अडकून राहतात.

[पडद्यावर: कातडीवरची जखम. मग तिच्या आत, कोलॅजेनच्या तंतूंमध्ये ताणलेल्या पेशी.]

आणि ही जखम. इथे रसायन आणि ओढ यांना वेगळं काढताच येत नाही.

जखम झाली की आसपासच्या काही पेशी मायोफायब्रोब्लास्ट होतात. त्यांचे आतले दोर जाड होतात आणि त्या जखमेच्या कडा एकमेकींकडे खेचू लागतात. पेशींना असं व्हायला सांगणारं मुख्य रसायन म्हणजे टीजीएफ-बीटा. पण ते मोकळं फिरत नसतं. पेशी ते प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळून बाहेरच्या जाळीला बांधून ठेवतात. इंटिग्रिनची मूठ ते वेष्टन ओढते. जाळी सैल असेल तर अख्खं पुडकं हाताबरोबर येतं आणि बंदच राहतं. जाळी ताठ असेल तर पलीकडून कुणी धरून ठेवल्यासारखं होतं. वेष्टन उसवतं आणि टीजीएफ-बीटा मोकळं होतं. म्हणजे औषध तयारच होतं, फक्त ते सोडायचं की नाही हे जमिनीच्या ताठपणावर ठरलं.

फुफ्फुसात किंवा यकृतात हीच साखळी थांबेनाशी झाली, तर फायब्रोसिस होतो. ताठ जाळी रसायन सोडते, रसायनामुळे पेशी आणखी कोलॅजेन घालतात, जाळी आणखी ताठ होते. श्वास घेणाऱ्या फुफ्फुसाची जागा हळूहळू व्रण घेतो.

बऱ्या होणाऱ्या जखमेत मात्र ही साखळी तुटते.

[पडद्यावर: जखम मिटत जाते. पेशींचे दोर सैल पडतात.]

नवं कोलॅजेन पुरेसं भरलं की भार तेच उचलतं. पेशींवरचा ताण उतरतो. टॅलिनच्या घड्या मिटतात, मुठी सुटतात, आणि जखम ओढून धरणाऱ्या पेशी एकेक करून स्वतःहून मरून जातात.