खोकताना लघवी सुटते? ती पट्टी ढिलीच का बसवतात

खोकला आला, कळशी उचलली, की चार थेंब सुटतात. आजी म्हणतात, ‘वय झालं, चालायचंच.’ इलाज आहे हो! पण मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवायच्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एक ठरवा. लघवी जोर पडल्यावर सुटते, की घाई होऊन बाथरूम गाठायच्या आत? घाईची गळती या ऑपरेशनने बरी होईलच असं नाही, कधीकधी वाढते. उतारवयात पुष्कळ जणींना दोन्ही असतं. म्हणून आधी लघवीची तपासणी, किती प्यायलं, किती वेळा लघवी झाली याची 3 दिवसांची नोंद, लघवी करून आल्यावर आत किती उरते त्याची सोनोग्राफी, आणि निदान 3 महिने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम (लघवी रोखताना आवळतो ते स्नायू).

[पट्टीचा नमुना हातात]

ही पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकची जाळीदार पट्टी, साधारण 1 सेंटिमीटर रुंद. 1996 साली स्वीडनमध्ये उल्फ उल्मस्टेन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. योनीच्या पुढच्या भिंतीला लहानसा छेद देऊन पट्टी मूत्रमार्गाच्या मधोमध, खालून बसवतात.

बागेतला पाइप आठवा. चिखलात पडलेल्या पाइपवर पाय दिला तर तो चिखलात रुततो, पाणी चालूच. फरशीवर दिला की बंद. पट्टी म्हणजे ती फरशी. मूत्रमार्गाची नळी आवळायची नसतेच! म्हणून पट्टी आणि नळीच्या मध्ये कात्रीचं पातं ठेवून मगच पट्टीवरचं प्लास्टिकचं आवरण ओढून काढतात. मूळ पद्धतीत तर फक्त जागेवर भूल देऊन, मूत्राशय भरून, बाईंना टेबलावरच खोकायला सांगत. थेंबभर आलं तरी चालेल, पण आवळलेली नको.

आवळली, तर लघवी अडते. कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी घातलेली रबरी नळी, काढल्यावर आत किती लघवी उरते ते मोजल्याशिवाय घरी जाऊ नका. पहिल्या आठवड्यात पट्टी ओढून सैल करता येते. नंतर मात्र कापावी लागते.

पट्टीची टोकं सुईने जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) मागून वर नेली तर सुई मूत्राशयात शिरू शकते, म्हणून दुर्बिणीने आत बघायलाच हवं. शिरलीच, तर काढून पुन्हा घालतात आणि कॅथेटर काही दिवस जास्त ठेवतात. जांघेतून नेली तर हा धोका कमी, पण मांडी दुखते.

पाळी गेल्यावर योनीची त्वचा पातळ होते, जाळी उघडी पडू शकते. ज्यांना जाळी नकोच, त्यांच्यासाठी पोटाच्या स्नायूवरचं स्वतःचंच आवरण कापून पट्टी करतात. जखम मोठी, बरं व्हायला वेळही जास्त. फार अशक्त आजींना मूत्रमार्गाभोवती जेलचं इंजेक्शन देता येतं, पण ते पुन्हा घ्यावं लागू शकतं.

घरी गेल्यावर साधारण 6 आठवडे कळशी, सिलिंडर उचलू नका, संडासला कुंथू नका. ताप आला, लघवी बंद झाली किंवा रक्त वाहू लागलं, तर सकाळची वाट न बघता निघा.