गोळी अर्धी का होते?
(कर्नाटकाच्या सीमाभागातील निपाणी येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘दीर्घ आजार आणि उपचारांचा खर्च’. खर्चाकडे येतोच. पण माझं आयुष्य मेडिकलच्या काउंटरमागं गेलंय, तेव्हा आधी कात्रीबद्दल बोलू द्या.

महिनाअखेरीला गिऱ्हाईक चिठ्ठी पुढं करतं आणि आवाज खाली आणून म्हणतं, “पाच दिवसांच्या द्या.” दहाच्या पट्टीवर कात्री चालते. मुदतीची तारीख पट्टीच्या एकाच टोकाला असते, त्यामुळं दुसऱ्या तुकड्यावर ना तारीख, ना धड नाव. असे तुकडे तुमच्याही फ्रीजवरच्या डब्यात असतील. हसताय म्हणजे आहेत!

विड्या वळणाऱ्या एक मावशी माझ्याकडं यायच्या. त्यांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘औषध नियमित घेत नाही.’ मी विचारलं, “मावशी, चुकतं कशानं?” म्हणाल्या, “चुकत न्हाई रे बाबा. रोज अर्धी घेतो मी. तीस गोळ्या दोन म्हयनं पुरत्यात.” या बाईला निष्काळजी कसं म्हणायचं? हजार विड्यांमागं मिळणाऱ्या मजुरीत रेशन, नातवाची फी आणि शुगरची गोळी बसवायचा तो हिशेब होता. घात एवढाच, की गोळी मेटफॉर्मिन एसआर होती. ती पोटात हळूहळू विरघळावी अशी केलेली असते. मोडली की औषध एकदम सुटतं, दिवसभर पुरत नाही. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चिठ्ठीवरच्या त्या शेऱ्याचा मला आजही राग येतो.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतही दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणं घेतात.

शिवाय खर्च गोळीपुरता नसतो. जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना राज्यातल्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, फार चांगलं झालं. पण दवाखान्यात गेलेल्या दिवसाची मजुरी बुडतेच. आणि आपली अर्धी माणसं जातात कोल्हापूर-मिरजेला. तिकडं जायला तिकीट काढावंच लागतं!

अध्यक्षांची चिठ्ठी आली, आता भराभर सांगतो. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये गरीब कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, त्यावरून दोन सरकारं भांडली. पण दोन्हीकडचा पैसा मुख्यतः माणूस खाटेवर पडल्यावर मिळतो. बायपासला पैसे आहेत. ती टाळणारी रोजची गोळी मेडिकलमधून घेतली, तर पदरचे घाला.

सरकारी आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या मोफत असतात. स्थिर रुग्णाला त्या एका खेपेत दोन-तीन महिन्यांच्या द्या आणि गावातल्या उपकेंद्रातच द्या, ही माझी मागणी आहे. जनऔषधी केंद्रात तेच औषध पुष्कळ स्वस्त पडतं. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं नाव लिहून मागा. आणि डॉक्टरांना तोंडावर विचारा, “एवढं परवडत नाही, यातलं काय अजिबात थांबवायचं नाही?” त्यात लाज कसली? कुणाच्या चिठ्ठ्या सोबत असतील तर दाखवा. मी बाहेर व्हरांड्यात बसतोय.