ब्रिजमधली दुसरी बोली

नमस्कार, श्रोतेहो.

ब्रिज शिकणाऱ्याला पहिली बोली लवकर जमते. एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1. बेरीज 12 किंवा 13 झाली की बोली उघडायची, एवढं पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पडतं. मग समोरचा भिडू उत्तर देतो, पाळी फिरून आपल्याकडे येते, आणि आपण पानांकडे नुसते बघत बसतो. काय बोलावं ते सुचत नाही. आज मला या दुसऱ्या बोलीबद्दल, रीबिडबद्दल बोलायचं आहे. माझं ठाम मत आहे की रीबिड काय करायची हे पहिली बोली तोंडातून बाहेर पडण्याआधीच ठरलेलं असलं पाहिजे. तसं का, ते दाखवण्यासाठी मी तीन-चार हात वाचून दाखवणार आहे, तेव्हा कागद-पेन्सिल जवळ घ्या. आपण प्रचलित पद्धत धरून चालू: मेजर रंग, म्हणजे बदाम किंवा इस्पिक, उघडायला पाच पानं हवीत आणि एक नो ट्रम्प, म्हणजे हुकमाशिवाय खेळायची बोली, उघडली की 15 ते 17 गुण.

आधी एक प्रश्न. एवढं मोजूनमापून बोलायची गरजच काय? ती गरज 1925 सालच्या एका सागरी प्रवासात निर्माण झाली. अमेरिकन उद्योगपती हॅरॉल्ड व्हॅंडरबिल्ट ‘फिनलंड’ नावाच्या जहाजाने पनामा कालव्याकडे निघाले होते. वाटेत त्यांनी सोबत्यांबरोबर गुणांकनाची एक नवी पद्धत खेळून पाहिली. त्याआधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये दोनची बोली, म्हणजे सहा अधिक दोन असे आठ हात जिंकण्याचं वचन, देऊन दहा हात केले तरी गेम, म्हणजे मोठा बोनस देणारा टप्पा, पदरात पडायचा. व्हॅंडरबिल्ट यांच्या नियमात जेवढं बोललात तेवढंच गेमसाठी धरलं जातं, वरचे हात गेमच्या कामाचे नाहीत. चार इस्पिक होणार असतील तर चार इस्पिक बोलावंच लागतं. आजच्या डुप्लिकेट ब्रिजमध्ये गेमचा बोनस 300, व्हल्नरेबल (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही वाढलेल्या स्थितीत) असाल तर 500, आणि गेमखाली थांबलात तर फक्त 50. म्हणजे दोन्ही भिडूंना एकमेकांचं बळ खेळ सुरू होण्याआधी कळायला हवं, आणि सांगायला साधन एकच: बोली.

आता पहिल्या बोलीतून भिडूला कळतं तरी काय? ‘एक चौकट’ म्हटलं की हातात 12 गुण असू शकतात, 21 ही असू शकतात. चौकटची पानं चार असतील, सहाही असतील. एवढ्या मोठ्या पल्ल्यावर भिडू कोणता हिशोब करणार? गेमला दोघांचे मिळून 25-26 गुण लागतात. त्याच्याकडे 9 असतील तर गेम आहे की नाही, हे त्याला बिचाऱ्याला अजिबात सांगता येत नाही. दुसरी बोली हा पल्ला तोडते. मी एक नो ट्रम्प म्हणालो की 12 ते 14, पानं साधारण समतोल. उडी मारून, म्हणजे एक पातळी सोडून, दोन नो ट्रम्प म्हणालो की 18 किंवा 19. मधले 15 ते 17 तर मी पहिल्याच बोलीला एक नो ट्रम्प म्हणून उघडले असते. एक नो ट्रम्प ऐकल्यावर भिडूचं काम सोपं होतं: 10 किंवा कमी असतील तर तो गेमचा नाद सोडतो, 11 असतील तर दोन नो ट्रम्प म्हणून विचारतो, 13 असतील तर सरळ तीनवर जातो. बारावर मात्र त्याला पानांची लांबी आणि मधली पानं पाहून ठरवावं लागतं. बहुतेक चांगले खेळाडू जातात.

आता पहिला हात लिहून घ्या. इस्पिकचे एक्का आणि चौका. बदामचे राणी, गुलाम, सत्ता, तिर्री. चौकटचे राजा, गुलाम, अठ्ठा, छक्का, दुर्री. किलवरचे राजा आणि पंजा. गुण 14. आपण एक चौकट उघडली, भिडू एक इस्पिक म्हणाला. आता?

नव्या खेळाडूच्या ओठावर ‘दोन बदाम’ येतं. चार बदाम आहेत, ते दाखवायला नकोत का? इथेच थांबा. भिडूला तुमच्या दोन रंगांतला चौकट जास्त आवडला, तर परत यायला त्याला तीन चौकट म्हणावं लागेल, म्हणजे नऊ हात. त्याच्याकडे 6 गुण असतील तर दोघांचे मिळून 20, आणि नऊ हातांची हमी देऊन बसलात. आता रंग उलटे करून पाहा: पाच बदाम आणि चार चौकट. एक बदाम, एक इस्पिक, दोन चौकट. भिडूला बदाम हवे असतील तर तो दोन बदामवर परततो, आठ हातांत काम भागतं. रंगांची उतरंड खालून वर किलवर, चौकट, बदाम, इस्पिक अशी असल्यामुळे हा एका हाताचा फरक पडतो. म्हणून दोनच्या पातळीवर पहिल्या रंगापेक्षा चढता रंग दाखवणं, ज्याला रिव्हर्स म्हणतात, हे किमान 16-17 गुणांचं आणि पहिला रंग दुसऱ्यापेक्षा लांब असल्याचं वचन आहे. वरच्या 14 गुणांवर ते दिलंत, तर 9-10 गुणांचा भिडू ‘सतरा आणि दहा, सत्तावीस’ म्हणत गेमला जाईल. त्यात त्याची चूक काहीच नसेल.

योग्य बोली एक नो ट्रम्प. लोक विचारतात, मग बदाम हरवले ना? नाही हरवले. भिडूकडे चार बदाम आणि चार इस्पिक असते, तर तो आधी एक बदाम म्हणाला असता, कारण चार-चार असताना खालचा रंग आधी सांगतात. पाच इस्पिक आणि चार बदाम असतील, तर तो आता स्वतःच दोन बदाम म्हणेल. जो मेळ असेल तो सापडतोच. न बोललेल्या बोलीचाही अर्थ असतो, हे ज्याच्या डोक्यात पक्कं बसलं त्याची निम्मी घाई संपते.

आता त्याच ठेवणीचा, पण ताकदीचा हात घ्या. इस्पिकचे राजा-चौका, बदामचे एक्का-राणी-गुलाम-सत्ता, चौकटचे एक्का-राजा-गुलाम-छक्का-दुर्री, किलवरचे पंजा-तिर्री. 18 गुण. एक चौकट, एक इस्पिक, आणि आता अभिमानाने दोन बदाम. दोन नो ट्रम्प गुणांत बसतं, पण किलवरमध्ये दोन भुक्कड पानं घेऊन नो ट्रम्प म्हणायला मला आवडत नाही. रिव्हर्सवर भिडू पास करू शकत नाही, त्यामुळे घाई नाही. किलवर कुणी रोखू शकतं का, ते सावकाश कळतं.

सुरुवातीला म्हटलं की निर्णय आधी व्हायला हवा. त्याचा खरा कस पुढच्या हातात लागतो. इस्पिकचा एकटा सत्ता. बदामचे राजा, छक्का, तिर्री. चौकटचे एक्का, राणी, अठ्ठा, चौका. किलवरचे राजा, गुलाम, सत्ता, पंजा, दुर्री. 13 गुण. लांब रंग किलवर, म्हणून एक किलवर उघडलीत. भिडू हमखास तेच म्हणतो जे आपल्याला नको असतं: एक इस्पिक. आता दोन चौकट हा रिव्हर्स, तेवढं बळ नाही. एक नो ट्रम्प म्हणावं तर भिडूच्या रंगात एकच पान. दोन किलवर म्हणावं तर भिडू सहा पानं समजतो, आणि आहेत पाच, तीही साधारण. सगळ्या वाटा थोड्या थोड्या खोट्या. हाच हात एक चौकट असा उघडा. भिडू एक इस्पिक म्हणाला की दोन किलवर. बोली खालीच राहिली, दोन रंग सांगून झाले. चौकट जास्त लांब आहेत असं भिडूला वाटेल, हा तोटा आहे. पण एक्का-राणी असलेल्या रंगात तो मला चालतो. किलवर एक्का-राणी-गुलामने भरलेले असते आणि चौकट फुसके, तर मी एक किलवर उघडून बिनदिक्कत दोन किलवर म्हणालो असतो. मात्र हे आधीच ठरवावं लागतं, भिडूचं ‘एक इस्पिक’ ऐकल्यावर नाही.

भिडूच्या मेजर रंगाला चार पानांचा पाठिंबा असेल तर फारसा विचार करू नका: 15 पर्यंत दोन, 16 ते 18 ला तीन, 19 ला चार. तीन पानांवर मात्र मतं फुटतात. इस्पिकचे राजा-राणी-छक्का, बदामचा एकटा पंजा, चौकटचे एक्का-गुलाम-नव्वा-सत्ता-चौका, किलवरचे राजा-दश्शी-अठ्ठा-तिर्री. आपण एक चौकट उघडली. भिडू एक इस्पिक म्हणाला. जुनी मंडळी म्हणतील, चार पानांशिवाय पाठिंबा नाही, दोन किलवर बोला. मी दोन इस्पिक म्हणेन. माझ्याकडे बदामचं एकच पान आहे. भिडूच्या बदामांवर माझे छोटे हुकूम चालतील, आणि तीन हुकूम असलेल्या बाजूने मारलेला प्रत्येक हात हा वरकमाईच असतो. त्याच्याकडे इस्पिक चारच निघाले, तरी हा करार सहसा बरा खेळतो.

एक जागा मात्र प्रामाणिकपणे अवघड आहे. एक बदाम, एक इस्पिक, दोन चौकट. ही बोली 12 गुणांवरही होते आणि 18 वरही, कारण उडी मारून तीन चौकट म्हणायला 19 च्या आसपास गुण लागतात आणि मग गेमशिवाय थांबता येत नाही. इथे पल्ला तुटत नाही, म्हणून भार भिडूवर येतो. त्याच्याकडे 8-9 गुण, दोन बदाम, तीन चौकट असतील, तर चौकट बरे दिसत असूनही त्याने दोन बदाम म्हणावं. बोली जिवंत राहते, उघडणाऱ्याकडे 17-18 असतील तर त्याला आणखी एक संधी मिळते. पास केलंत आणि समोर 18 निघाले, तर गेम हातचा गेला.

मध्येच प्रतिस्पर्धी बोलला तर चित्र बदलतं. एक चौकट, एक इस्पिक, आणि उजवीकडून दोन बदाम. आता तुम्हाला बोलायची सक्ती उरलेली नाही, कारण भिडूला आणखी एक पाळी मिळणारच आहे. 12-13 गुणांचा साधा हात असेल तर निःशंक पास करा. तो पासही रीबिडच आहे, ‘सांगण्यासारखं जास्तीचं काही नाही’ एवढा स्पष्ट निरोप. अमेरिकन ब्रिजपटू एरिक रॉडवेल यांच्या नावाशी जोडलेला सपोर्ट डबल तुम्ही खेळत असाल, तर इथे डबल म्हणजे इस्पिकची तीन पानं आणि दोन इस्पिक म्हणजे चार. पण हे भिडूशी आधी ठरलेलं हवं, आणि प्रतिस्पर्ध्यांनी विचारलं तर त्यांनाही सांगायला हवं.

घरी करून बघायचं असेल तर जोड पिसा, तेरा पानं उचला आणि उघडण्याजोगी असतील तर आधी कागदावर पहिली बोली लिहा. तिच्याखाली भिडूची येऊ शकणारी उत्तरं लिहा: एक बदाम, एक इस्पिक, एक नो ट्रम्प, दोनच्या पातळीवरचा नवा रंग. प्रत्येकापुढे तुमची रीबिड. जिथे रकाना रिकामा राहील, तिथे वर जाऊन पहिली बोली बदलून बघा.

नमस्कार.