दुखत नाही हो, जड वाटतंय

हिंदी-मराठी सिनेमात हार्ट अटॅक कुणाला येतो? नायिकेच्या वडिलांना. छातीवर मूठ दाबायची, जिन्याच्या कठड्याला धरत खाली बसायचं. आई मात्र खोकून खोकून जाते, नाहीतर शिवणयंत्रावर झिजून. (हशा) हसा, पण आम्ही डॉक्टरही बराच काळ असाच सिनेमा बघत आलो. हृदयासाठी ॲस्पिरिन किती उपयोगी हे तपासणारा अमेरिकेतला गाजलेला अभ्यास १९८९ साली छापून आला. त्यात २२,०७१ डॉक्टर होते आणि बाई एकही नव्हती.

त्यानंतर दुसरं टोक गाठलं गेलं. बायकांची लक्षणं 'वेगळीच' असतात, छातीत काही होतच नाही, असं लोक सांगू लागले. तेही खरं नाही. अटॅक आलेल्या बहुतेक बायकांनाही छातीतच त्रास होतो. अडतं ते शब्दांपाशी. मी विचारते, "छातीत दुखतंय?" बाई म्हणते, "नाही." जरा थांबलं की पुढचं येतं: "दुखत नाही हो, जड वाटतंय. कुणी आवळल्यासारखं. पित्त असेल." तुम्ही ज्याला दुखणं म्हणतच नाही, ते माझ्या लेखी दुखणंच. त्याच्या जोडीला जबडा, खांदा किंवा पाठीत दोन फऱ्यांच्या मध्ये कळ, मळमळ, दम, दरदरून घाम, एकदम गळून जाणं. हे सारं पुरुषांनाही होतं, बायकांना अधिक होतं. मधुमेह असेल तर दुखणं जाणवणारही नाही, नुसताच दम लागेल.

एक खूण मात्र घरी नेण्यासारखी आहे. जिना चढताना, पाण्याची बादली उचलताना छातीत भरून येतं आणि बसलं की ओसरतं, असं दोन-चारदा झालं तर दाखवून घ्या. पित्ताला जिना कळत नाही. बसल्याजागी होतं म्हणून ते हृदयाचं नाही, असं मात्र समजू नका. आणि गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. पोरगी आज तिशीची असेल, तरी त्या जुन्या गोष्टीने तुमचा धोका वाढतो.

अचानक झालं आणि थांबेना, तर सोडा पिऊन वाट बघायची नाही. डबे भरून मग जाऊ, हेही नाही. १०८ला फोन करा. दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांत कार्डिओग्राम व्हायला हवा, तो मागून घ्या. पहिला चांगला आला म्हणजे सुटलात असं नाही. तो पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, बघतात, तेही काही तासांनी परत.

तिथे गेल्यावर "पित्त झालंय" म्हणू नका. ते निदान झालं, ते आमच्यावर सोडा. कधी सुरू झालं, कुठे होतंय, कसं वाटतंय एवढंच सांगा. आणि कपाटात जुना कार्डिओग्राम असेल तर तो सोबत न्या, नव्याशी ताडून बघता येतो.