त्या रात्रीचे मुलांना काय आठवते

(भंडारा जिल्ह्यातील शिक्षक व अंगणवाडी सेविकांसमोर दिलेले व्याख्यान, संपादित)

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेला पूर आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. त्यानंतर काही आठवड्यांनी मी नदीकाठच्या एका घरी गेले, तेव्हा भिंतीवर कंबरेच्या उंचीला गाळाची रेघ होती. आठ वर्षांच्या मुलीने मला सगळे क्रमाने सांगितले: पाणी आधी सांदवाडीत, म्हणजे परसात, आले, मग चूल बुडाली, मग आबांनी धानाची पोती माळ्यावर चढवली, मग डोंगा आला. तिचा पाच वर्षांचा भाऊ मात्र मायच्या पदराआड गप्प बसून होता. "लहान हाये तो, त्याले काई आठवत नाई," घरचे म्हणाले.

हे वाक्य आपण फार सहज बोलतो, पण ते खरे असतेच असे नाही. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याला अँड्र्यू चक्रीवादळाने झोडपले. तेव्हा तीन-चार वर्षांच्या असलेल्या मुलांशी संशोधकांनी काही महिन्यांत बोलणे केले. ज्यांच्या घराचे मध्यम नुकसान झाले होते त्यांनी सर्वांत जास्त सांगितले. ज्यांना वादळाची झळ अगदी कमी किंवा अतिशय जास्त बसली होती, त्यांनी कमी सांगितले. सहा वर्षांनी मानसशास्त्रज्ञ रॉबिन फिवुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच मुलांना पुन्हा विचारले, तर ती पूर्वीच्या दुपटीहून अधिक सांगू शकली. सर्वाधिक झळ बसलेल्यांनीही सांगितले. फक्त त्यांना अधिक वेळा विचारावे लागले, अधिक आधार द्यावा लागला. तीन वर्षांच्या वयात पाहिलेले मनात होते, शब्द नंतर आले.

वय आणि भाषा हा एक भाग झाला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मुलाचा पिंड. काही मुलांचे शरीर ताणाला चटकन आणि जोराने प्रतिसाद देते, छाती धडधडते, हात गार पडतात. प्रयोगांत असे आढळले आहे की अशा मुलांना विचारणारा माणूस मायेने बोलणारा असेल तर त्यांची आठवण चांगली निघते, आणि तोच कोरडा, तुटक असेल तर तीच मुले मागे पडतात. म्हणजे ज्या पोराला आपण भित्रे म्हणून बाजूला सारतो, त्याच्या बाबतीत आपल्या वागण्याचा फरक सर्वांत जास्त पडतो. वर्गात हे रोज घडते आणि आपल्या लक्षात येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

घराचाही वाटा आहे. मानसशास्त्रज्ञ गेल गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्राशयात नळी घालून करायच्या एका त्रासदायक तपासणीतून गेलेल्या मुलांचा अभ्यास केला. जे पालक स्वतः जवळीक टाळणारे होते, त्यांच्या मुलांना तपासणीत अधिक त्रास झाला आणि आठवणीत चुकाही अधिक झाल्या. झाल्या गोष्टीवर मुलाशी सविस्तर बोलणाऱ्या, त्याचे वाक्य पुढे नेणाऱ्या आईची मुले अनुभव अधिक नीट मांडू लागतात, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र पुढे नेणे म्हणजे उत्तर तोंडात घालणे नव्हे. "पाण्याले भेला होतास नं तू?" असे विचारले की लहान मूल मान डोलावते, आणि ती मान आपण आठवण समजून लिहून घेतो.

पदराआड गप्प बसलेल्या त्या मुलाला आम्ही सर्वांनी पाण्याबद्दलच विचारले होते. पुढच्या भेटीत माय सुपात लाखोरी निवडत बसली होती आणि तो तिच्या मांडीला टेकून खडे वेचत होता. तिने वर न पाहता विचारले, "मंग बकरी कुठं होती रे तवा?" बराच वेळ तो खडेच वेचत राहिला. मग म्हणाला, "दावं मीच बांधलं होतं. गाठ सुटली नाई मायाकून." मायचे हात सुपातच थांबले. बहिणीच्या सांगण्यात बकरी कुठेच आली नव्हती.