खासबागेतील उताराची बैठक

कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात पहाटेच्या अंधुक उजेडात फावड्याने उलटीपालटी होणारी ही तांबडी माती पहा. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि काव मिसळलेली असते. कुस्तीच्या आधी ती इतकी खणून भुसभुशीत करावी लागते, की जोरात आदळलेल्या मल्लाची पाठ तिने झेलावी. ढेकूळ राहिले, तर दोष मल्लाला नाही, माती करणाऱ्याला लागतो.

कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी १९०२ साली, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला केलेल्या प्रवासात रोमचे कोलोसियम पाहिले आणि कुस्तीसाठी तसे वर्तुळाकार मैदान आपल्या संस्थानात असावे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९१२ साली ते खासबागेत उभे राहिले. कोलोसियमशी तुलना सगळेच करतात. पण उंचावरून पाहिले, तर दिसते ती त्याहून साधी युक्ती आहे. मधोमध मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी त्याच्याकडे उतरत येणारी जमीन, एवढीच ही रचना. नजरेआड येणारा खांब नाही की डोक्यावर छत नाही, त्यामुळे शेवटच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या शेतकऱ्यालाही मल्लाचा हात कोठे शिरला, हे दिसते.

आणि जे दिसते ते त्याला कळतेही. हलगीवाले जाळावर कातडे तापवून घेतात, पहिली थाप पडते, शड्डूचा आवाज घुमतो आणि उतारावरचे फेटे एकदम पुढे झुकतात. घिस्सा डाव लागणार की ढाक, हे येथील जुना शौकीन पकड बसण्याआधीच शेजाऱ्याला सांगतो. एकमेकांचा अंदाज घेणारी नुसती खडाखडी लांबली, तर निकाली कुस्तीची मागणी चारी बाजूंनी सुरू होते, कारण बरोबरीत सुटलेली कुस्ती या गर्दीला पटत नाही. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग अशा तालमींवरून येथे वाद रंगतात. मात्र चितपट करणारा मल्ल फेरी मारू लागला, की विरुद्ध तालमीच्या माणसाचा हातही खिशाकडे जातो आणि बक्षिसाची नोट पुढे येते. १९५९ साली पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे, त्यांच्यामागून आलेले गणपतराव आंदळकर, पुढच्या पिढीतील दादू चौगुले ही नावे येथे घरातील वडीलधाऱ्यांसारखी घेतली जातात.

मॅटवरील स्पर्धा वाढल्या, मोठ्या लढती इतरत्र गेल्या, आणि मैदानाला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. वर्षातील बहुतेक दिवस हौदा रिकामाच असतो.

आज मात्र शेवटची कुस्ती निकाली झाली आहे. हलग्या थांबल्या, तरी उतार पुरता मोकळा झालेला नाही. लंगोट न लावलेली, शाळेच्या कपड्यांतील दोन मुले हौद्यात उतरून आत्ताच पाहिलेला डाव एकमेकांवर करून पाहत आहेत, आणि वरून कोणीतरी त्यांना पाय चुकल्याचे ओरडून सांगत आहे.