पावसात चालशील का?

श्रोतेहो, नमस्कार.

जुलैत कॉलेजं सुरू झाली की ठाण्याच्या तलावपाळीवर पहाटे पोरापोरींची गर्दी होते. कोरे बूट, कानात इअरफोन. गणपती येईपर्यंत त्यातले बरेच गायब! आळशी आहेत, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला शिकवताना वेगळंच दिसतं.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक मुद्दा मांडला: ‘हे मला जमेल’ असा भरवसा असेल, तरच माणूस अडचणीतही टिकून राहतो. हा भरवसा मोजताना ते अडचणीच पुढे ठेवत. दमलेले असताना व्यायाम कराल का? हवा वाईट असताना? शून्य ते शंभरपैकी आकडा द्या.

ऐरोलीच्या एका विद्यार्थिनीला मी हेच विचारलं. रोज चालशील? “ऐंशी.” परीक्षेत? “तीस.” पावसात? “वीस.” आणि वाशीहून लोकलमध्ये उभ्याने घरी आल्यावर? “मॅडम, दहा लिहा. तेही तुमच्याकडे बघून.”

मग पहाटेचा बेत सोडला. संध्याकाळी स्टेशनवरून शेअर रिक्षा न करता घरापर्यंत चालायचं, पंधरा मिनिटं. बस, एवढंच. सकाळी स्टेशनला जातानाही तेवढंच चालणं जमलं तर पाच दिवसांत १५० मिनिटं होतात. भरभर चाललं तर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला आठवड्याचा किमान व्यायाम तेवढाच आहे.

दुसऱ्याच आठवड्यात धो धो पाऊस. ती रिक्षाने गेली आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून म्हणाली, “मोडलं सगळं.” २१ दिवसांत सवय लागते, हे तिच्या डोक्यात पक्कं! लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात मात्र सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, असं दिसलं. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील, असा हिशेब निघाला. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

बंडुरांच्या मते भरवसा सगळ्यात जास्त वाढतो तो स्वतः करून पाहिल्याने. त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणाला जमताना पाहून. पिळदार दंडांची रील्स त्यात बसत नाहीत, असं माझं मत. हिच्यामुळे मात्र सोबतची मैत्रीणही रिक्षाच्या रांगेतून बाहेर पडली.

परवा तिच्याकडून पुन्हा आकडे लिहून घेतले. परीक्षा: पन्नास. लोकलनंतर: सत्तर. पाऊस: साठ. आणि पुढे बारीक अक्षरात, ‘छत्री घरी विसरले नाही तर.’